घरच्या टाकोला ताजी चव कशी आणायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाको, म्हणजे सारण भरून दुमडलेली मेक्सिकन पोळी, घरी करणारे बहुतेक जण सारणाबद्दल विचारतात: मसाला कोणता, किती वेळ परतायचं, आधी मुरवायचं का. सारण महत्त्वाचं आहेच. पण टाको जिवंत लागतो तो त्याच्यावर शेवटी पडणाऱ्या कच्च्या, आंबट, कुरकुरीत गोष्टींमुळे. त्यांना ना फार वेळ लागतो ना फार कौशल्य, तरीही घाईत त्यांच्याकडेच दुर्लक्ष होतं. खालचे बरेचसे प्रश्न त्यांच्याबद्दलच आहेत.

सारण चवदार होतं, तरी टाको जड आणि एकसुरी लागतो. असं का?

कारण त्यात सगळंच शिजलेलं असतं. मांस किंवा बीन्स शिजलेले, मसाले तेलात परतलेले, वर चीज वितळलेलं. पहिला घास छान लागतो, दुसराही लागतो, पण मग जीभ सरावते आणि पुढचे घास सारखेच वाटू लागतात. अशा वेळी लोक आणखी मसाला किंवा आणखी चीज घालतात आणि टाको अजून जड होतो.

कमी असतात त्या साधारण चार गोष्टी: आंबटपणा, कच्चा तिखटपणा, हिरवा वास आणि दाताखाली येणारा कुरकुरीतपणा. यांतल्या दोन जरी असल्या तरी फरक कळतो. आंबटपणा सोडला तर या गोष्टी उष्णतेने जातात. कोथिंबिरीचा वास उडून जातो, कांद्याचा चरचरीतपणा गोडसर होतो, लिंबाचा सुवास वाफेबरोबर निघून जातो. म्हणून हे सगळं गॅस बंद झाल्यावर, जमलं तर पानात वाढताना घालायचं.

मेक्सिकोतल्या टाकेरियात, म्हणजे टाकोच्या दुकानात, हाच क्रम दिसतो. तव्यावरून सारण टॉर्टियावर, म्हणजे टाकोच्या पातळ पोळीवर पडतं, त्यावर चिमूटभर बारीक कांदा-कोथिंबीर, आणि पुढचं खाणाऱ्याच्या हातात: लिंबाची फोड, लाल साल्सा, हिरवा साल्सा (साल्सा म्हणजे चटणीसारखं तोंडीलावणं). मेक्सिको सिटीतल्या ‘एल कालिफा दे लेओन’ या छोट्याशा टाकेरियाला २०२४ मध्ये मिशेलिन या रेस्तराँ-मार्गदर्शिकेचा एक तारा मिळाला. तिथे मांसाला मीठ आणि लिंबाचा रस लागतो, सोबत दोन प्रकारचा साल्सा असतो, आणि तेवढंच पुरतं.

एकच गोष्ट करायला वेळ असेल तर काय करू?

कांदा, कोथिंबीर, लिंबू. पाच मिनिटांचं काम आहे, आणि मांसापासून मशरूमपर्यंत जवळपास कुठल्याही सारणावर चालतं.

मात्र चिरण्यावर लक्ष द्या. पांढरा कांदा मिळाला तर उत्तम, त्याची चव स्वच्छ असते. तो अगदी बारीक चिरायचा, डाळीच्या दाण्याएवढा. मोठा तुकडा दाताखाली आला की त्या घासात फक्त कांदाच लागतो. सुरीला धार हवी. बोथट सुरीने कांदा कापला जात नाही, चेंगरला जातो, आणि चेंगरल्यावर त्यातली उग्र गंधकयुक्त द्रव्यं जास्त तयार होतात. कोथिंबीर धुऊन पूर्ण कोरडी करा. ओली कोथिंबीर चिरली की तिचा लगदा होतो आणि रस पाटावरच राहतो. कोवळ्या देठांत पानांइतकाच वास असतो, शिवाय ते कुरकुरीत असतात, तेव्हा तेही बारीक चिरून घ्या. फक्त खालचा जाड, तंतूंचा भाग काढून टाका.

कांदा आणि कोथिंबीर साधारण सारख्या प्रमाणात मिसळा. मीठ घालू नका, पाणी सुटतं. एका टाकोवर एक मोठा चमचा पुरे.

कच्चा कांदा फार उग्र लागतो आणि तोंडाला वास राहतो. काय करावं?

चिरलेला कांदा गाळणीत घेऊन थंड पाण्याखाली धरा, हाताने हलवा आणि नीट निथळू द्या. उग्रपणा आणणारी द्रव्यं कापलेल्या पृष्ठभागावर असतात, ती बरीचशी धुऊन जातात आणि कुरकुरीतपणा तसाच राहतो. अजून सौम्य हवा असेल तर दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा. त्याहून जास्त वेळ ठेवला तर चवही पाण्यात जाते.

लिंबू केव्हा पिळायचं? सारण शिजतानाच पिळलं तर चालत नाही का?

चालतं, पण त्याचं काम वेगळं होतं. शिजताना घातलेला रस सारणाला आंबटपणा देतो, पण लिंबाचा वास त्यात उरत नाही. तो वास मुख्यतः सालीतल्या तेलात असतो. आपण फोड पिळतो तेव्हा रसाबरोबर सालीतलं थोडं तेलही टाकोवर उडतं आणि ते आधी नाकाला कळतं. म्हणून बाटलीतला रस इथे कामाचा नाही.

मेक्सिकोत टाकोबरोबर मिळतं ते छोटं, पातळ सालीचं, हिरवं लिंबू म्हणजे ज्याला आपण कागदी लिंबू म्हणतो तेच. लिंबू आधी ओट्यावर तळहाताने दाबून फिरवा, रस जास्त निघतो. चार फोडी करण्यापेक्षा मधला बियांचा भाग सोडून बाजूचे गाल कापले तर पिळायला सोपे जातात. रस आधी काढून ठेवू नका. काही तासांत त्याची चव कडवट आणि शिळी होते.

शिजवताना घातलेलं आणि वरून पिळलेलं अशी लिंबाची दोन्ही कामं एकाच टाकोत हवी असतील तर खुशाल करा. पण एकच निवडायचं असेल तर वरून पिळा.

पिको दे गायो केलं की वाटीत पाणी साचतं आणि टॉर्टिया भिजून फाटतो. उपाय?

पिको दे गायो म्हणजे कच्चा टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि मीठ यांचा चिरलेला साल्सा. टोमॅटोत पाणी भरपूर, त्यात मीठ पडलं की ते बाहेर येणारच. ते आधीच बाहेर काढून टाकलं की प्रश्न मिटतो.

चार मध्यम टोमॅटो घ्या, पिकलेले पण घट्ट. आडवे कापून बियांचा पातळ भाग थोडा काढा. सगळाच काढू नका, टोमॅटोची बरीच चव त्या गरातच असते. बारीक चिरा, अर्धा चमचा मीठ लावा आणि गाळणीत पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. खाली साचलेलं पाणी फेकू नका, सारणात घाला. मग टोमॅटोत एक छोटा कांदा, एक-दोन मिरच्या, मूठभर कोथिंबीर आणि अर्ध्या-एका लिंबाचा रस घाला. मीठ आधीच पडलेलं आहे, तेव्हा चव बघूनच वाढवा.

कालवल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, चवी एकमेकींत उतरतात. पण दोन तास आधी करून ठेवण्यात अर्थ नाही. टोमॅटो मऊ पडतो, कोथिंबीर काळपटते आणि ज्यासाठी केलं तो ताजेपणाच राहत नाही. टोमॅटो फ्रिजमधून काढलेले गार नकोत. थंडीने त्यांचा वास दबतो.

टोमॅटोचा हंगाम नसेल आणि मिळणारे टोमॅटो पिठूळ असतील तर पिको करूच नका. असे टोमॅटो भाजून घेतलेले बरे. खाली भाजलेल्या साल्साबद्दल लिहिलं आहे.

हिरवा साल्सा कशाचा करतात? टोमाटिलो मिळाले नाहीत तर?

टोमाटिलो हे कागदासारख्या आवरणात येणारं हिरवं, आंबट फळ आहे. हिरव्या टोमॅटोसारखं दिसतं, पण ती वेगळी वनस्पती. आवरण काढल्यावर साल चिकट लागते, ती कोमट पाण्याने धुवायची.

कच्चे टोमाटिलो, हिरवी मिरची, कोथिंबीर, थोडा कांदा आणि मीठ मिक्सरमधून भरडसर फिरवलं की सर्वांत झणझणीत आणि आंबट साल्सा मिळतो. तळलेल्या किंवा तेलकट सारणावर यासारखं दुसरं काही नाही. उकडून केला तर साल्सा सौम्य होतो: रंग बदलून मेहंदीसारखा झाला की लगेच काढा, फुटेपर्यंत उकळू नका. तिसरा प्रकार मला सर्वांत आवडतो. कच्चा टोमाटिलो आणि पिकलेला अ‍ॅव्होकाडो एकत्र वाटायचा. साल्सा मलईसारखा दाट होतो, आंबटपणा तसाच राहतो आणि वेगळं क्रीम लागत नाही.

टोमाटिलो नसतील तर घट्ट कच्चे टोमॅटो आणि लिंबाचा रस. चव तीच येत नाही, पण आंबट-हिरवी बाजू भरून निघते. कच्च्या टोमॅटोत टोमाटिलोची फळासारखी चव नसते, म्हणून कोथिंबीर थोडी जास्त घाला.

भाजलेला साल्सा ताजा कसा म्हणायचा?

वाटून लगेच खाल्ला तर तो ताजाच. लोखंडी तवा चांगला तापवा, तेल नको. त्यावर अख्खे टोमॅटो, मिरच्या, जाड कापलेला कांदा आणि सालासकट लसणाच्या पाकळ्या ठेवा. सालीवर काळे डाग पडेपर्यंत फिरवत भाजा. लसूण आणि मिरची आधी होतील, ती आधी काढा. लसणाची साल करपते, आतली पाकळी मऊ आणि गोडसर होते.

मग वाटणं. मेक्सिकोत यासाठी मोलकाहेते वापरतात, ज्वालामुखीच्या खडकातून घडवलेला तीन पायांचा खल. दगडी खलबत्ता असेल तर तो काढा. आधी लसूण, मिरची आणि मीठ यांची पेस्ट करायची, मग टोमॅटो ठेचायचे. मिक्सरमध्ये हवा मिसळून साल्सा फिकट आणि फेसाळ होतो. मिक्सरच वापरायचा असेल तर थांबत-थांबत फिरवा. शेवटी बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर आणि लिंबू घाला. भाजलेल्या गोडीत कच्च्याची धार उतरते, आणि हंगामाबाहेरच्या टोमॅटोलाही चव येते.

मिरची कोणती घ्यावी? तिखटपणा आवरायचा कसा?

मेक्सिकोत ताज्या साल्सात सेरानो आणि हालापेन्यो जास्त वापरतात. तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मापावर हालापेन्यो साधारण २,५०० ते ८,००० आणि सेरानो १०,००० ते २३,०००. युकातान भागात चालणारा आबानेरो १,००,००० च्या वर जातो. त्याला फळांसारखा सुंदर वास असतो, पण एका वाटीला एक छोटा तुकडा खूप झाला. यांतलं काहीच नसेल तर कुठलीही ताजी हिरवी मिरची चालते. वास हिरवा हवा, बाकी तुमच्या जिभेवर.

तिखटपणा बियांत असतो असं मानलं जातं. तो मुख्यतः बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत असतो. ती शीर सुरीच्या टोकाने खरवडून काढली की मिरचीचा वास राहतो आणि जाळ बराच कमी होतो. मुलांसाठी करताना हे कराच. एकाच झाडाच्या दोन मिरच्याही सारख्या तिखट नसतात, म्हणून आधी एक लहान तुकडा चाखून मग प्रमाण ठरवा.

मिरची चिरल्यावर हात पाण्याने धुऊन भागत नाही, कारण तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही. हाताला थोडं तेल चोळा, मग साबण लावा.

टाकोवर तो गुलाबी कांदा असतो, तो कसा करतात?

हे युकातानचं देणं आहे. तिथे कोचिनिता पिबिल या आचियोतेत (लाल बियांच्या मसाल्यात) मुरवून मंद शिजवलेल्या डुकराच्या मांसावर तो हमखास असतो. मांस मऊ, स्निग्ध आणि गोडसर, कांदा आंबट आणि कुरकुरीत.

एक मोठा लाल कांदा शक्य तितका पातळ उभा चिरा. गाळणीत ठेवून वरून उकळतं पाणी ओता, लगेच निथळू द्या. अर्धा चमचा मीठ, चिमूटभर ओरेगानो आणि कांदा बुडेल इतका रस घाला. तिथे आंबट संत्र्याचा रस वापरतात. तो नसेल तर साधं संत्रं आणि लिंबू निम्मं-निम्मं. अर्ध्या तासात कांदा झगझगीत गुलाबी होतो, कारण लाल कांद्यातलं रंगद्रव्य आंबटात गुलाबी होतं. वेगळा रंग घालायची गरज नाही. आबानेरोची एक चकती टाकली तर वास उतरतो, खाताना ती काढून ठेवा.

ही एक गोष्ट आधी करून ठेवता येते, काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये आठवडाभर छान राहते. बरणी तयार असेल तर कंटाळलेल्या संध्याकाळीही टाकोचा प्रश्न सुटतो.

घरात कुणालातरी कोथिंबीर साबणासारखी लागते. तिच्याऐवजी काय?

त्यांना आग्रह करू नका. कोथिंबिरीतल्या आल्डिहाइड प्रकारच्या द्रव्यांचा वास काही लोकांना खरोखरच साबणासारखा येतो, आणि वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी त्याचा संबंध आढळला आहे. पुदिना आणि पार्सली मिसळून घाला, किंवा पातीच्या कांद्याचा हिरवा भाग. पुदिना एकटा जास्त झाला तर सगळं झाकून टाकतो, म्हणून हात आवरता घ्या. कोथिंबीर थोडी फार सहन होत असेल तर ती वाटून साल्सात घाला, वाटल्यावर तो वास बराच सौम्य होतो.

टाकोत फळ घालायचं म्हणजे गोड नाही का होणार?

आंबटगोड फळ घेतलं आणि त्याला मीठ-मिरची-लिंबू लावलं तर होत नाही. याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे आल पास्तोर. लेबनॉनहून मेक्सिकोत आलेल्या लोकांनी उभ्या सळईवर मांस भाजण्याची शवर्माची पद्धत आणली. पुढे मांस डुकराचं झालं, मसाल्यात मिरची आणि आचियोते आले, आणि टाकोवर अननसाची छोटी चकती बसली. ती चकती अगदी लहान असते, आणि ती लहान असण्यातच सगळी गंमत आहे.

घरी अननसाचे चण्याएवढे तुकडे करा, बारीक लाल कांदा, मिरची, कोथिंबीर आणि लिंबू घाला. तिखट सारणावर हा साल्सा अप्रतिम लागतो. अननस आधी तव्यावर डाग पडेपर्यंत भाजला तरी छान. कच्चा अननस मांस मुरवताना मात्र रात्रभर ठेवू नका. त्यातलं ब्रोमेलेन प्रथिनं तोडतं आणि मांसाचा लगदा होतो.

आंबा घ्यायचा तर अर्धा पिकलेला, घट्ट. मासे आणि कोळंबी यांच्याशी तो उत्तम जातो, लाल मांसाशी तितका नाही. संत्र्याच्या सोललेल्या फोडी, डाळिंबाचे दाणे हेही चालतं. टरबुजाला पाणी फार, ते नकोच.

अ‍ॅव्होकाडो काळा पडतो. ग्वाकामोले आधी करून ठेवता येईल का?

एक-दोन तास, त्याहून जास्त नको. कापलेल्या गराला हवा लागली की त्यातलं एन्झाइम काम करू लागतं आणि रंग काळपट होतो. लिंबाने हे मंदावतं, थांबत नाही. हवाच बंद केली तर जास्त उपयोग होतो: प्लास्टिकचा कागद थेट ग्वाकामोलेच्या पृष्ठभागावर दाबून बसवा, वाटीच्या कडांवर ताणून नव्हे. बी आत ठेवल्याने फक्त बीखालचा भाग वाचतो.

आधी कांदा, मिरची, कोथिंबीर आणि मीठ खलात ठेचा, मग अ‍ॅव्होकाडो घालून काट्याने मोडा. गुठळ्या राहू द्या. आणि खरं सांगायचं तर टाकोसाठी ग्वाकामोले लागतंच असं नाही. पिकलेल्या अ‍ॅव्होकाडोच्या दोन फोडी, वर मीठ आणि लिंबू, एवढ्याने काम होतं.

कुरकुरीतपणासाठी लेट्यूस घालते, पण ते लगेच मऊ पडतं. दुसरं काय घालू?

कोबी. गरम सारणावर तो लेट्यूसपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. बाहा कॅलिफोर्नियातल्या एन्सेनादाचे माशांचे टाको प्रसिद्ध आहेत, त्यात पिठात बुडवून तळलेला मासा, बारीक चिरलेला कोबी, पांढरं आंबट सॉस आणि लिंबू असतं. मासा कुरकुरीत, कोबी कुरकुरीत, पण एक गरम आणि एक गार, म्हणून दोन्ही वेगळे कळतात.

कोबी धाग्यासारखा बारीक चिरा आणि दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा, मग कोरडा करा. मीठ-लिंबू वाढण्याच्या अगदी आधी लावा. मुळ्याच्या पातळ चकत्या आणि काकडी टाकेरियात बाजूला ठेवलेली असते, ती टाकोच्या आत घातली तरी चालते. मुळा विशेष चांगला: कुरकुरीत, गार आणि किंचित झणझणीत, तिन्ही एकदम.

मेक्सिकन क्रेमा किंवा आंबट क्रीम मिळत नाही. दही चालेल?

चालेल. पाणी काढून टाकलेलं घट्ट दही फेटा, मीठ आणि लिंबाचा रस घाला, धार पडेल इतकं सैल करा. सालीचा किस घातला तर अजून चांगलं, फक्त वरचा हिरवा थर किसा, पांढरा कडू असतो. टाकोवर बारीक धार सोडा, गोळा ठेवू नका. जिथे अ‍ॅव्होकाडो आहे तिथे हे बहुधा लागत नाही, दोन मऊ-स्निग्ध गोष्टी एकमेकींना झाकतात.

टॉर्टियाचा ताजेपणाशी काय संबंध?

फार मोठा, आणि तो विसरला जातो. वर कितीही ताजं घाला, खाली थंड, चामट टॉर्टिया असेल तर तीच चव तोंडात राहते.

मक्याच्या चांगल्या टॉर्टियाला स्वतःचा वास असतो. मका चुना मिसळलेल्या पाण्यात शिजवून, रात्रभर तसाच ठेवून, धुऊन वाटतात. या निश्तामाल प्रक्रियेने साल सुटते, पीठ चिकटून राहतं, तो वास येतो आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकतं. म्हणूनच साध्या मक्याच्या पिठाचा टॉर्टिया तुटतो. घरी करायचे तर मासा हारिना, म्हणजे याच प्रक्रियेतून गेलेलं पीठ घ्या. दोन वाट्या पिठाला साधारण दीड वाटी कोमट पाणी, वीस मिनिटं झाकून ठेवा. गोळा दाबल्यावर कडेला भेगा पडल्या तर पाणी कमी आहे. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये दाबून तापलेल्या तव्यावर टाका. पीठ चांगलं भिजलं असेल आणि तवा पुरेसा तापला असेल तर टॉर्टिया फुगतो.

विकतचे असतील तर दोन्ही बाजूंवर पाण्याचा हात फिरवून कोरड्या गरम तव्यावर अर्धा-अर्धा मिनिट शेका, कडेला एखादा डाग पडू द्या. लगेच जाड कापडात गुंडाळा, आतल्या वाफेने ते मऊ राहतात. मायक्रोवेव्हमध्ये मऊ होतात, पण भाजल्याचा वास येत नाही. साल्सा जास्त घालणार असाल तर दोन पातळ टॉर्टिया एकावर एक ठेवा.

टाको मसाल्याचं पाकीट वापरलं तर ताजी चव येईल का?

येईल, पण पाकिटातलं निम्मंच वापरा. त्यातले मसाले आधीच दळलेले, म्हणून वास उतरलेला, आणि मीठ भरपूर. घरी करायला वेळ लागत नाही: सुक्या मिरच्या, थोडं जिरं, लसूण आणि ओरेगानो. मिरच्या तव्यावर काही सेकंद, फक्त वास सुटेपर्यंत शेका. करपल्या तर कडवट होतात आणि ते झाकता येत नाही. गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून वाटा. जिऱ्याचा हात हलका ठेवा. मेक्सिकन ओरेगानो मिळाला तर जरूर आणा. तो भूमध्य ओरेगानोपेक्षा वेगळ्या कुळातला, लिंबाकडे झुकणाऱ्या वासाचा असतो. कुठलाही ओरेगानो तळहातावर चोळूनच घाला, वास लगेच मोकळा होतो.

शाकाहारी टाकोला यातलं काय शोभतं?

बीन्स मऊ आणि मातकट चवीचे असतात, त्यांना गुलाबी कांदा आणि मुळा. मशरूम जोरात परतून पाणी आटवा आणि कच्चा हिरवा साल्सा घाला. बटाट्याला सर्वांत जास्त आंबटपणा लागतो, तिथे कोबी-लिंबू आणि हिरवा साल्सा दोन्ही द्या. भाजलेल्या मक्याला लिंबू, मिरची आणि चुरलेलं खारट चीज. फ्लॉवर तव्यावर कडक भाजला तर त्यावर अननसाचा साल्सा करून बघा.

एका टाकोवर किती गोष्टी घालाव्यात आणि कोणत्या क्रमाने?

एक आंबट साल्सा, एक कुरकुरीत गोष्ट, वर लिंबू. हवं तर एक मऊ गोष्ट. टेबलावर सहा वाट्या ठेवा, पण एका टाकोत सहाही नकोत. आधी सारण, दोन मोठे चमचे पुरे, रस्सा निथळलेला. त्यावर साल्सा, मग कांदा किंवा कोबी, शेवटी लिंबू. कोबी सारणाखाली गेला तर वाफेने मऊ होतो. मऊ गोष्ट असेल तर ती थेट टॉर्टियावर लावा, बाकीचं तिला धरून राहतं आणि टॉर्टिया लवकर भिजत नाही.

पाहुणे येणार आहेत. आधी काय करून ठेवू?

आदल्या दिवशी गुलाबी कांदा आणि भाजलेल्या साल्साचं वाटण. सकाळी कोबी आणि मुळा चिरून, ओल्या कापडाखाली फ्रिजमध्ये. तासभर आधी कांदा चिरून धुवा. कोथिंबीर, टोमॅटो, अ‍ॅव्होकाडो आणि लिंबू अगदी शेवटी. भाजलेल्या साल्सात कच्चा कांदा आणि लिंबूही तेव्हाच घाला. टॉर्टिया पाहुणे बसल्यावर शेका. टाको भरून वाढू नका, ज्याने त्याने आपला भरावा.

उरलेल्या साल्साचं काय करायचं? किती दिवस चालतो?

दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेला ठेवू नका. फ्रिजमध्ये भाजलेला साल्सा तीन-चार दिवस राहतो, कच्चा हिरवा दोन दिवस, पण वास रोज उतरतो. पिको दे गायो दुसऱ्या दिवशी टाकोवर घालण्यासारखं राहत नाही. ते निथळून घ्या, गरम तेलात दोन मिनिटं परता, त्यात फेटलेली अंडी घालून मऊसर हलवा. मेक्सिकोत न्याहारीला कांदा-टोमॅटो-मिरचीची अशीच अंडी करतात, आणि उरलेल्या टॉर्टियात ती भरली की दुसरा टाको तयार होतो. त्यावर मात्र लिंबू नवीन कापा.